पहिला तास

वाशिम जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे. दर हिवाळ्यात पन्नास मुलामुलींना घेऊन आम्ही एखाद्या गावी सात दिवस राहतो. यंदाचं गाव मालेगाव तालुक्यातलं. जागा पाहायला गेले तेव्हा गावातले एक शेतकरी सोबत आले. साठी ओलांडलेले, पाच एकर कोरडवाहू. सगळं गाव त्यांना काका म्हणतं, म्हणून मीही म्हणते. टेकडीच्या निम्म्यावर दम खायला बसलो, तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं वेळापत्रक मागून घेतलं, चष्मा चढवला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं. पुढचं बोलणं आठवतं तसं देते आहे, कारण इतकी वर्षं मी जे मनापासून करत आले, त्याबद्दल इतकं स्पष्ट मला कुणी बोललं नव्हतं.

काका: हे 'उद्बोधन' म्हनजे काय जी?

मी: नव्या स्वयंसेवकांना आधी सगळं समजावून सांगायचं. गाव कसं आहे, काम कोणतं आहे, ते कसं करायचं, काय करायचं नाही.

काका: किती वेळ?

मी: पहिला अख्खा दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ. योजनेतच तशी तरतूद आहे, काका. वर्षाला १२० तास सेवा, त्यातले पहिल्या वर्षी २० तास उद्बोधनाचे.

काका: सात दिवसायतला दीड दिवस बोलन्यात! पोट्टे एस्टीतून उतरतात तवा त्यायच्या आंगात वारं भरलेलं रायते. तुमी त्यायले सतरंजीवर बसवता. पाव्हने येतात, हार होतात, नारय फुटते, दोन तास भाषनं होतात. दुपारी पाहा, अर्धे पोट्टे मोबाइलात अन् अर्धे झोपीत. तापल्या तव्यावर भाकर टाकाव लागते, मॅडम. तवा थंडा झाल्यावर कायची भाकर?

मी: हार-नारळ म्हणजे उद्बोधन नव्हे. ते उद्घाटन.

काका: आमाले इथून दोनी सारखेच दिसतात.

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरंच आहे ते. आमच्या कितीतरी शिबिरांत पहिल्या दिवसाचे सहा तास पाहुण्यांची वाट पाहण्यात आणि त्यांचे सत्कार करण्यात जातात, आणि अहवालात तो वेळ 'उद्बोधन' म्हणून लिहिला जातो.

काका: मले सांगा, तुमच्या विद्यापीठाचं नाव काय?

मी: संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ.

काका: मंग! गाडगेबाबायले कोनी उद्बोधन देल्लं होतं? मानूस गावात आला, खराटा घेतला, झाडाले लागला. दिवसभर झाडलं, रात्री कीर्तन केलं. पयले हात, मंग तोंड. तुमी त्यायचं नाव घेता अन् उलटं करता. पयले तोंड, मंग हात.

मी: काका, बाबा आयुष्यभर झाडत आले होते. माझी मुलं अठरा वर्षांची आहेत. त्यातल्या निम्म्यांनी फावडं हातात धरलेलं नसतं. कारंजा, रिसोड, वाशिम अशा गावांतली, शेतकऱ्यांचीच मुलं, पण आईबापांनी मुद्दाम वावरापासून लांब ठेवलेली. त्यांना उतरल्या उतरल्या कामाला लावलं की काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या दुसऱ्याच शिबिरात पाहिलंय.

काका: काय झालं?

मी: तेव्हा मी तुमच्याच मताची होते. भाषणं रद्द केली आणि थेट टेकडीवर नेलं. समतल चर खणायचे होते. मुलांनी जीव तोडून खणले. चार दिवसांत हातांना फोड आले, पण कुणी कुरकुरलं नाही. फोटो पेपरात आले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि सरपंचांचा फोन आला. चर समतल नव्हतेच. डोळ्यांच्या अंदाजानं सरळ रेघ मारली होती. एक टोक दुसऱ्यापेक्षा हातभर खाली. सगळं पाणी त्या टोकाला धावलं, तिथला भराव फोडून खाली गेलं, आणि खालच्या वावरात नवी घळ पडली. त्या माणसाचं पेरलेलं सोयाबीन वाहून गेलं. आम्ही गेलो नसतो तर पाणी टेकडीवरून पसरून उतरलं असतं. आम्ही त्याला एकत्र करून एका शेतकऱ्याच्या अंगावर सोडलं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. वावर वाहून जाणं म्हणजे काय, हे मला त्यांना सांगावं लागणार नव्हतं.

मी: पुढच्या वर्षी मी हिशेब शिकून घेतला. दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चर शंभर मीटर खणला तर तो एकदा भरल्यावर साधारण साडेअठरा हजार लिटर पाणी धरतो. पण दोन टोकांत फूटभर फरक पडला की फार तर निम्मंच राहतं, तेही सगळं एका बाजूला. शिवाय माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, आणि चर व भराव यांच्यात वीतभर तरी जागा मोकळी सोडायची, नाहीतर पहिल्या पावसात तीच माती परत चरात येते. काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे यायचं. पायथ्यापासून सुरू केलं की वरचं वाहतं पाणी खालचं सगळं मोडून टाकतं. हे काही अवघड शास्त्र नाही. पण कुणीतरी सांगावं लागतं, आणि फावडं मारायच्या आधी सांगावं लागतं.

काका: अन् समतल कसं काढता?

मी: तीन काठ्यांचा ए-फ्रेम करतो. दोन पाय, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला दगड लटकवलेला. एकदा उभा करून दोरी जिथं येते तिथं खूण, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या मधोमध सपाटीची रेघ. त्या रेघेवर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत.

काका हसले.

काका: आमचा मिस्त्री प्लास्टिकच्या नयीत पानी भरून पाह्यते. दोनी टोकाले पानी एका उंचीवर. शाया शिकला नाई तो. तुमच्या पोट्ट्यायले त्याच्यापाशी अर्धा तास उभं केलं असतं तर ते वावर वाचलं असतं.

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पण तेव्हा मला वाद जिंकायचा होता.

मी: म्हणजे शिकवणं लागतंच ना! पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत हेच होतं. २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके होते, २०१७ मध्ये तीस झाले, त्यात आपल्या जिल्ह्यातला कारंजाही होता. स्पर्धा ४५ दिवसांची. पण स्पर्धेआधी प्रत्येक गावातून निवडलेले काही जण, बायकाही त्यात, चार दिवस निवासी प्रशिक्षण घेऊन येत. आधी प्रशिक्षण, मग कुदळ. नाहीतर ४५ दिवसांत हजारो हात चुकीच्या जागी खणत बसले असते.

काका: पाह्यलं म्या ते. माह्या सासुरवाडीचे लोक गेल्ते. चांगलं काम झालं, नाई म्हनत नाई. पन दुसरीबी गोठ पाह्यली. चार दिवस शिकून आलेला मानूस गावात साहेब होऊन फिराले लागते. हातात काठी, गयात शिट्टी. ज्या बुढ्यानं साठ पावसाये त्याच टेकडीवर पाह्यले, त्याले तो सांगते, काका तुमी बाजूले व्हा. बुढा बाजूले होते अन् परत येत नाई. त्याच्यासंगं त्याचं घर येत नाई. तुमच्या उद्बोधनानं मानसं जोडल्या जातात का तुटतात, याचा हिशेब हाये का तुमच्यापाशी?

मी: नाही.

काका: अन् मले आनखी एक सांगा. कयंबेश्वरचं माहीत हाये ना तुमाले?

मला माहीत होतं. जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? २०१६चा तो कडक उन्हाळा. याच मालेगाव तालुक्यातल्या कळंबेश्वरला एका दलित मजुराच्या पत्नीला दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी नाकारलं गेलं. त्या माणसानं कुणाशी भांडण केलं नाही. आपली मजुरी सांभाळून रोज सहा तास एकट्यानं खोदलं. आजूबाजूच्या विहिरी कोरड्या पडल्या होत्या, लोक वेड्यात काढत होते, घरचेही हाताला हात लावत नव्हते. ४० दिवसांनी पाणी लागलं, आणि ते त्यानं वस्तीला दिलं.

काका: त्याले कोनी शिकवलं? ना भूजलवाला आला, ना पानाड्या. जिद्द होती, पानी लागलं. तुमी म्हनता, पयले शिकवा. मी म्हनतो, ज्याले तहान लागली त्याले शिकवाव नाई लागत.

मी: काका, त्या माणसापुढे मी हात जोडते. पण आपल्याकडचा खडक काळा पाषाण आहे. खाली भेगा असतील तिथंच पाणी. त्याच्या जागी भेग नसती, तर ४० दिवसांची मेहनत कोरड्या खड्ड्यात गेली असती, आणि आज आपण त्याचं नावही घेतलं नसतं. अशा कोरड्या विहिरी या तालुक्यात किती आहेत ते तुम्ही जाणता.

काका: (थांबून) माह्याच वावरात एक हाये.

मी: आणि दुसरी गोष्ट. त्याला तहान होती, हे खरं. माझ्या मुलांना ती तहान नाही. ती परगावाहून येतात, सात दिवसांनी निघून जातात. म्हणून त्यांना सांगावं लागतं. फक्त चर कसा खणायचा एवढंच नाही. या गावात विहिरी किती, कोणाच्या, कोणत्या वस्तीला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि श्रमदानाची दवंडी कोणत्या गल्लीपर्यंत पोचत नाही. कळंबेश्वरची गोष्ट मुलांना जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती सांगताना नेहमी वाटतं, एका माणसावर एकट्यानं विहीर खोदायची वेळ आली, तेव्हा गावातले बाकीचे हात कुठं होते? हे न कळता माझी मुलं एखाद्या गावात गेली तर ती सरपंच दाखवतील तिथं खणतील, ज्याचं वावर मोठं त्याच्या बांधाला दगड लावतील, आणि सेवा केली म्हणून समाधानानं घरी जातील.

काका: हे मातर खरं बोलल्या. आमच्या गावातबी मांगच्या वेळी शिबिर झालं, तवा शोषखड्डे कोनाच्या दारात झाले अन् कोनाच्या नाई, ते मी तुमाले दाखवतो खाली उतरल्यावर.

मी: म्हणजे उद्बोधन हवं.

काका: हवं. पन हे तुमाले भाषन देनारा पाव्हना सांगन का? त्याले माहीतच नाई. सरपंच सांगन का? त्याले सांगाचं नाई. मंग कोन सांगन?

इथं माझं वेळापत्रक अडलं. मी ते परत पाहिलं. पहिलं सत्र : 'राष्ट्रीय सेवा योजना, उद्दिष्टे व इतिहास'. दुसरं सत्र : 'व्यक्तिमत्त्व विकास'. तिसरं : 'जलसंधारणाची तंत्रे', वक्ते शहरातून येणार. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत योजना सुरू झाली, हे मुलांना पहिल्या तासात पाठ होणार होतं. ज्या टेकडीवर आम्ही बसलो होतो तिचं नाव त्यात कुठंच नव्हतं. गावातल्या एकाही माणसाचं नव्हतं.

काका उभे राहिले आणि माथ्याकडे चालू लागले. वर पोचल्यावर त्यांनी दोन्ही हात पसरले.

काका: इकडं पाहा. आपला जिल्हा उंचावर हाये. पानी इथं पडते अन् निघून जाते. काटेपूर्णा आपल्याच वाशिम तालुक्यात उगम पावते अन् खाली अकोल्याकडं जाते. मंग पूर्णा, मंग तापी, अन् शेवटी पश्चिमेचा समुद्र. अन् तिकडं दक्षिनेले पडलेलं पानी पैनगंगेत जाते, वर्धा नदीत, गोदावरीत, अन् थेट पूर्वेच्या समुद्रात. एकाच पावसाचे दोन थेंब, एक इकडं, एक तिकडं. माह्या आज्यानं मले हे दाखवलं, मी सात वर्साचा असन. शायेत कोनी नाई सांगतलं.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. नकाशात हे दिसतं, पण मी नकाशा त्या नजरेनं कधी पाहिला नव्हता. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. हिशेबासाठी वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटर धरला, तर प्रत्येक हेक्टरवर पंचाहत्तर लाख लिटर पाणी पडतं, आणि आम्ही उन्हाळ्यात हंडा घेऊन रांगेत उभे राहतो. हे आकडे मी मुलांना फळ्यावर सांगत आले. त्या माथ्यावर उभं राहून सांगितले असते तर त्यांना ते विसरता आले नसते.

उतरताना मी त्यांना आणखी एक विचारलं, कारण एका बाबतीत मी हटणार नव्हते.

मी: समृद्धी महामार्ग तुमच्या शिवारापासून लांब नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून तिथं अपघात झाला की गावातली पोरं धावतात. जखमीला गाडीतून काढताना मान कशी धरायची, कधी मुळीच हलवायचं नाही, हे त्यांना माहीत नसेल तर? तिथंही पयले हात, मंग तोंड?

काका: नाई. तिथं नाई. (थोडं चालून) एका पोट्ट्याले असंच ओढून काढलं होतं आमी. जगला, पन उठला नाई. कोनाची चूक होती ते आजबी समजत नाई मले. आमी तर मदतच केली होती.

त्यानंतर आम्ही बराच वेळ गप्प चाललो. मदत करणाऱ्याच्या मनावर अशी गोष्ट आयुष्यभर बसून राहते. नव्या स्वयंसेवकाला आधी शिकवायचं ते गावाच्या भल्यासाठी, हे मी नेहमी म्हणत आले. त्या मुलाच्या स्वतःच्या भल्यासाठीही शिकवायचं असतं, हे मला काकांच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं.

पायथ्याशी दगडांचा एक ढीग होता. मी म्हटलं, बांधाला हे दगड बरे होतील.

काका: त्याले हात नका लावू. दोघा भावायच्या धुऱ्याचे दगड हायेत ते. कोर्टात केस चालू हाये. तुमच्या पोट्ट्यायनं एक दगड हलवला ना, तर सात दिवस राहू द्या, सात तासबी गाव तुमाले ठेवनार नाई. दगड मी दाखवतो ते घ्याचे. अन् दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडं उलटवाचा, म्हनजे खालून इंचू निघाला तर तो पलीकडं पयते, हाताकडं येत नाई.

मी: काका, हेच उद्बोधन!

काका: मंग असं मना ना. सतरंजीवर बसून कायले करता?

मी: तुम्ही घ्याल पहिला तास?

काका: मले भाषन नाई येत.

मी: भाषण नकोच आहे. हे आत्ता जे केलंत तेवढंच करा. माथ्यावर न्या, पाणी कुठं जातं ते दाखवा, दगड दाखवा, विहिरी दाखवा, शोषखड्डे कुणाच्या दारात नाहीत ते दाखवा. मिस्त्रींना नळी घेऊन बोलवा. तंत्राचं मी दुसऱ्या तासात सांगते, तेही टेकडीवरच.

काका: अन् गाडगेबाबा?

मी: म्हणजे?

काका: तुमी मंघाशी म्हटलं ना, बाबा आयुष्यभर झाडत आलते. मी सांगतो तुमाले, बाबा झाडता झाडता गाव पाहून घेत होते. कोनती गल्ली घान, कोनाच्या दारी मोरीचं पानी साचते, कोन बाहेर येऊन संग झाडते अन् कोन दार लावून घेते. रात्री कीर्तनात तेच विचारत असतीन. खराटा हेच त्यायचं उद्बोधन होतं. तुमी पोट्ट्यायच्या हाती वही देता. पयल्या दिवशी सकायी खराटा द्या. सगया गल्ल्या झाडू द्या, एकबी गल्ली सोडू नका, अन् मी संग रायतो. झाडून झालं की वर चढू.

माझा युक्तिवाद त्यांनी माझ्याच हातून काढून घेतला होता, आणि तो त्यांच्या हाती जास्त शोभत होता. तरी एक मतभेद आमचा तसाच राहिला. काकांचं म्हणणं, अर्धा दिवस पुरे. माझं म्हणणं, दीड दिवस हवाच, कारण प्रथमोपचार, उन्हातली काळजी, मुलींच्या राहण्याची व्यवस्था, गावात कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही हे सगळं चालता चालता होत नाही, त्यासाठी बसावंच लागतं. दोन वेळा बोललो, दोघंही हललो नाही. शेवटी एक दिवस ठरला.

त्या संध्याकाळी मी वेळापत्रक पुन्हा लिहिलं. पहिला दिवस, सकाळी सात ते नऊ : सर्व गल्ल्यांची झाडलोट. नऊ ते अकरा : टेकडी व शिवारफेरी, मार्गदर्शक गावातले काका. उद्घाटन सातव्या दिवशी, काम झाल्यावर.

जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्या माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे : यंदा शिबिराचं गाव ठरवायला जाल तेव्हा वेळापत्रक कोरं घेऊन जा, आणि पहिला तास त्या गावातल्या माणसाकडून भरून आणा.